क्लचवरचा पाय

दीर दोर घेऊन गाडी ओढून न्यायला आला, तेव्हा गाडीची पुढची दोन्ही चाकं काढून अंगणाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि गाडीखालून वहिनीचे पाय तेवढे बाहेर दिसत होते.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"गिअरबॉक्स उतरवतेय," खालून उत्तर आलं.

दीर मेकॅनिक, स्वतःचं गॅरेज असलेला. आठ महिन्यांपूर्वी या गाडीला नवा क्लच त्यानंच घातला होता. आता गाडी पुन्हा चढावर नुसती गुरगुरायची, पुढे सरकायची नाही. त्यानं न उघडताच मागच्या वेळचंच निदान पुन्हा केलं होतं : वहिनी क्लचवर पाय ठेवून चालवतात. गाड्यांच्या बाबतीत घरात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आज गाडी गॅरेजात जायची होती आणि परत यायची नव्हती. पुढे ती दीर वापरणार, आणि वहिनीनं शिवलेले शाळेचे गणवेश पोचवायला कुणाच्या तरी गाडीत जागा मागायची, असं ठरलं होतं. ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं तर या भानगडीत पडायला नको म्हणून रविवारची जादा पाळी मागून घेतली होती. शहाणा माणूस!

सासूबाई पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. "सकाळी सातपासून हेच," त्या मुलाला म्हणाल्या. "सांगून सांगून माझी जीभ झिजली. हिचा पायच मुळात जड. जन्म शिलाई मशीनवर गेलाय, पायाखाली काही आलं की दाबणारच."

दीर हसला. मग त्याची नजर जमिनीवरच्या पुठ्ठ्यावर गेली. कापड बेतावं तशी गिअरबॉक्सची आकृती वहिनीनं त्यावर खडूनं काढली होती, आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच तो पुठ्ठ्यात खोचून ठेवला होता. त्याच्या गॅरेजात सगळे बोल्ट एकाच डब्यात पडायचे. तो हसायचा थांबला.

"अंगावर येईल ते धूड. व्हा बाजूला, मी बघतो."

"हात लावू नका, भाऊजी."

इंजिनाखाली तिनं लाकडी ठोकळे रचले होते. गिअरबॉक्सखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर जुनी उशी. शेवटचा बोल्ट निघाला तरी गिअरबॉक्स जागचा हलेना. तिनं तो डुलवला, उचकटला, एक सणसणीत शिवी हासडली. सासूबाईंना तेवढ्यापुरतं ऐकू आलं नाही. मग तो एकदम सुटला आणि उशीवर बसला. जॅक उतरवून तिनं गिअरबॉक्स फळीसकट बाहेर ओढला. मग क्लच सोडवून त्यामागची प्लेट काढली आणि ती घेऊन उन्हात आली.

पण क्षणभर तिनं प्लेटकडे पाहिलंच नाही. तिलाही भीती होती. घरातल्या सगळ्यांनी एकच गोष्ट इतक्यांदा सांगितली की आपलाच पाय आपल्याला परका वाटायला लागतो.

मग पाहिलं. प्लेट काळ्या तेलानं चकाकत होती.

तिनं ती दिराच्या नाकासमोर धरली. "पायानं जळालेली प्लेट कशी दिसते, भाऊजी?"

त्यानं मान वळवून आईकडे पाहिलं.

"सांगा की. मेकॅनिक तुम्ही."

"कोरडी. झिजून पातळ झालेली."

"आणि ही?"

"जाड आहे."

"जाड आहे आणि तेलात भिजलीय. म्हणून सटकते. यात माझा पाय कुठे दिसतो तेवढं दाखवा."

दीर वाकला. इंजिनाच्या मागच्या तोंडाशी तेलाचा बोटभर रुंद ओघळ आला होता. गिअरबॉक्स उतरवला की तिथलं तेल अडवणारं रबरी सील बदलूनच टाकायचं, हे तो स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

"सील गळतंय," तो म्हणाला. "तेव्हाच बदलायला हवं होतं. पण म्हटलं, घरचीच गाडी आहे, बघू पुढे कधीतरी."

"घरची गाडी!" वहिनीचा आवाज चढला. "आठ महिने गिअर टाकला रे टाकला की मी डावा पाय सीटखाली मुडपून घ्यायची. चुकून लागायला नको म्हणून. पोटरीत गोळे यायचे, भाऊजी. रस्त्यात गाडी थांबवून पाय झटकत उभी राहायची मी. आणि वर तुमची माफी मागितली होती!"

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. प्लेटवरून बोट फिरवून त्यांनी वास घेतला आणि मुलाकडे पाहिलं.

"मी चार घरी सांगत फिरले रे, हिचा पाय जड म्हणून."

"आई, अगं..."

"गप बस."

दिरानं बाह्या दुमडल्या. "बरं, चुकलं माझं. सील घेऊन येतो. वहिनी, तुम्ही हात धुऊन घ्या, बाकीचं मी जोडतो."

"नको. मागच्या वेळी तुम्हीच जोडलं होतं." तिनं पाना उचलला. "मी उघडलीय, मीच जोडणार आणि उद्या गणवेश घेऊन मीच जाणार. तो दोर तेवढा जाताना घेऊन जा."

तासाभरानं तो सील घेऊन आला, तेव्हा ती पुन्हा गाडीखाली गेली होती. तिथे अंधारच होता. तिनं हात बाहेर काढून टॉर्च पुढे केला. रविवारच्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी दीर फरशीवर आडवा झाला आणि त्यानं उजेड पाडला.

थोडा वेळ गेला.

"भाऊजी," आतून आवाज आला, "माझ्यावर नको. कामावर धरा."