टिपणिसांकडची पाहुणी

सकाळी सहापासून कुंदाची टॅक्सी फिरत होती. एक भाडं संपायच्या आत ॲपवर दुसरं येई, आणि नाकारलं की रेटिंग घसरे. पुरुष ड्रायव्हर आडोसा बघून मोकळे होत. बाईमाणसाने जायचं कुठे? दुपारपर्यंत तिला कळ सोसवेना.

एका सोसायटीच्या फाटकात तिने मागच्या सीटवरच्या आजींना उतरवलं आणि वॉचमनला हळूच विचारलं, "दादा, बाथरूमला जाऊन येऊ का?"

"ड्रायव्हर लोकांना परवानगी नाही, ताई," तो म्हणाला.

कुंदा गाडीकडे वळली. आजींनी ते ऐकलं होतं. "वहीत लिहा," त्या वॉचमनला म्हणाल्या, "टिपणिसांकडे पाहुण्या आल्यात." आणि कुंदाला हाताला धरून त्यांनी थेट वर घरी नेलं.

आतून कडी लावल्यावर कुठे कुंदाच्या जिवात जीव आला. ती ओशाळून बाहेर आली, तर आजी चहात आलं किसत होत्या.

"आजी, तुमचे उपकार..."

"उपकार कसले त्यात? बस निवांत. आणि हे बघ, इकडचं भाडं असो वा नसो, अडलीस की सरळ वर यायचं आणि बेल वाजवायची."