पाच किलो मक्याची रजई

"महान नेत्यांच्या छत्राखाली आपला देश आता निर्दोष झाला आहे!" पक्षाचे सचिव प्यॉन यांनी जाहीर केलं. टाळ्या थांबेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "चला, आता एकेकाने आपापले दोष सांगा."

मोजे कारखान्यात दर शनिवारी हेच चालायचं. उठायचं, आधी आपला एक दोष सांगायचा, मग दुसऱ्या कुणाचा तरी एक. बायका जोड्या ठरवून शुक्रवारीच दोष वाटून घेत. दोष बेताचा हवा. फार लहान निघाला तर ती थट्टा ठरते आणि फार मोठा निघाला तर दाराशी उचलून न्यायला ट्रक येतो.

उल्न्यो आणि कुमसिल यांची जोडी अकरा वर्षांची. उल्न्यो साठीला टेकलेली, कुमसिल चाळिशीतली. कुमसिल दोन मिनिटं उशिरा येते, हे उल्न्योने सांगायचं. उल्न्यो सुया सांडते, हे कुमसिलने. दोघी सुखात होत्या.

पण प्यॉन प्योंगयांगहून नवेच आले होते आणि त्यांना वाचनाची आवड होती. त्यांनी जुनी वही उघडली.

"कॉम्रेड उल्न्यो, या एका वहीत तुमच्या मैत्रिणीला दोनशे सहा वेळा उशीर झालाय. दर वेळी दोनच मिनिटं. तिच्या घरी घड्याळ आहे की चेष्टा? आज नवा दोष सांगा. मनाच्या तळातला."

उल्न्यो उभी राहिली. नवा दोष तिच्याकडे नव्हता. तिने छताकडे पाहिलं, कुमसिलकडे पाहिलं आणि घाबरून खरं बोलून गेली.

"कुठून आणू हो दोष? गेल्या हिवाळ्यात मी तापाने फणफणले होते, तर हिने घरातली एकुलती एक रजई आणून माझ्या अंगावर घातली. स्वतः पोरांना कुशीत घेऊन काकडत राहिली. हिच्यामुळे जगले मी!"

कुणाच्या तरी हातून सुई पडली, तीही ऐकू आली.

"कुणामुळे जगलात?" प्यॉननी हळूच विचारलं. पेनाचं टोपण काढलं.

त्या देशात माणूस एकाच व्यक्तीमुळे जगत असे, आणि त्या महान नेत्यांची तसबीर प्यॉन यांच्या डोक्यावर लटकत होती. गेल्या वसंतात सहा नंबरच्या यंत्रावरच्या बाईने भरल्या सभेत डॉक्टरचे आभार मानले होते. सहा नंबरचं यंत्र अजून रिकामं होतं. डॉक्टरची खुर्चीही.

आतला शब्द बाहेर येतो, बाहेर आलेला आत जात नाही.

तेवढ्यात कुमसिल ताडकन उठली.

"खोटारडी म्हातारी! फुकट दिली का मी? पाच किलो मका मोजून घेतला हिच्याकडून! आधी तीन म्हणत होती. म्हटलं, पाच देतेस तर दे, नाहीतर बस थरथरत."

प्यॉन यांचा चेहरा उजळला. "म्हणजे विकली?"

"विकली."

"दयाबिया काही नाही?"

"दया? मी?" कुमसिलने तसबिरीकडे मान वर केली. "दया करणारे ते वर आहेत. मी आपली लोभी बाई."

"लोभी!" मागून कुणीतरी ओरडलं. "शरम नाही वाटत?" दुसरी ओरडली. दोघींच्याही आवाजात केवढी सुटका होती.

"कॉम्रेड उल्न्यो," प्यॉन म्हणाले, "ही म्हणते ते खरं?"

कुमसिलने बाकाआड तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"खरं आहे," उल्न्यो म्हणाली. "मरणाच्या दारात असताना... लुबाडलं हिने मला."

आणि ती रडू लागली. इतकी रडली की दोन बायकांनी धरून बसवलं. असं मनापासून आलेलं रडणं आपण कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, अशी नोंद प्यॉननी वहीत केली. मग शिक्षा वाचून दाखवली: कुमसिलने दोन महिने सार्वजनिक संडासांतला मैला शेतावर वाहायचा, आणि वर्षभर कारखान्याच्या फाटकावर तिच्या नावाची पाटी लागेल. 'हिने आजारी बाईला लुबाडलं.'

कुमसिलने वाकून शिक्षेबद्दल आभार मानले. महान नेत्यांचे.

गाणं म्हणत सगळे बाहेर पडले. उल्न्यो तिच्याकडे न बघता गेली. आता बघणं बरं दिसलं नसतं.

"कॉम्रेड कुमसिल, तुम्ही थांबा."

ती थांबली. याने ओळखलं, तिला वाटलं. आता पोरांचं काय?

प्यॉननी दार लोटलं. कडी लावली. वही मिटून खाली ठेवली आणि तसबिरीकडे पाठ करून तिच्याजवळ आले.

"पाच किलोच ना?"

"काय, सचिव कॉम्रेड?"

"मका हो." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तुमच्याकडे आणखी एखादी रजई असेल, तर बघा ना. आमची आई रात्रभर कुडकुडते."