जिंकलेल्या बोटीचा ड्राइव्ह

"हा साधासुधा ड्राइव्ह नाही, साहेब. गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या बोटीचा आहे," असे म्हणत दुकानदाराने लोखंडी घोडीवर टांगलेल्या त्या सडपातळ, चकचकीत यंत्रावरून हात फिरवला. "नुसता पाण्यात उतरवा. बोट लाजेकाजेस्तव तरी पळेल."

दादा मनापासून हसला. ड्राइव्ह ज्या बोटीला बसवायचा होता, ती त्याच्या मालकीची होती. रविवारच्या शर्यतीत ती चालवणार होते मात्र त्याची धाकटी बहीण आणि तिचा नवरा. सुकाणू नवऱ्याच्या हाती, वेग धाकटीच्या हाती. बोट लाटेवरून उडाली की मागचा पंखा हवेत मोकळा सुटतो. त्या क्षणी वेग उतरवायचा आणि पाण्याला टेकताच पुन्हा चढवायचा, हे तिचे काम. इंजिन बोटीच्या पोटात असते. त्याची सारी ताकद मागे लटकणाऱ्या ड्राइव्हमधल्या गिअरांतूनच पंख्यापर्यंत पोहोचते. भर वेगात तिथला एखादा दात तुटून अडकला, तर बोट जागच्या जागी फिरते आणि आतली माणसे बाहेर फेकली जातात.

शेजारच्या घोडीवर दुसरा ड्राइव्ह होता. नवा कोरा, जाड मानेचा, दिसायला बोजड. त्याने कमाल वेग थोडा कमी झाला असता.

"हा जाड्या मला नको," दादा म्हणाला. "धक्क्यावर लोक विचारतील, तेव्हा काय सांगू? मजबूत आहे म्हणून? मजबूत तर रोडरोलरपण असतो."

"बरोबर आहे तुमचं, दादा," धाकटीचा नवरा म्हणाला.

"आधी जुन्याचं तेल सोडून बघू," धाकटी म्हणाली.

"बघा ना, बघा. आपल्याकडे लपवालपवी नाही," दुकानदार म्हणाला आणि एकाएकी त्याला फोन आठवला.

दादाने स्वतःच पाना घेतला. नवऱ्याने खाली तसराळे धरले. तेल राखाडी निघाले आणि नासक्या अंड्यांचा वास दुकानभर पसरला. वासाचे विशेष नव्हते. गिअरचे तेल असेच घाण मारते. पाहायचे होते ते तेल सोडायच्या भोकाचे बूच. त्याच्या आतल्या टोकाला चुंबक बसवलेला असतो. त्यावर काजळीसारखी मऊ भुकटी जमली, तर ती रोजची झीज. बोटाला टोचणारे कण सापडले, तर गिअरचे दात तुटू लागले आहेत असे समजावे.

धाकटी फडके आणायला फळीपाशी गेली. वळून येताना तिला दादाच्या खांद्यावरून चुंबक दिसला. त्यावर कण उभे होते, धारदार, चमकणारे. दादाने ते अंगठ्याने निपटले आणि अंगठा पँटला पुसला. समोर बसलेल्या नवऱ्याने हे पाहिले, आणि मान खाली घालून तो तेलाची धार न्याहाळू लागला.

"हे बघ." दादाने बूच तिच्यापुढे धरले. "आरशासारखं स्वच्छ. झालं समाधान?"

धाकटीने फडके घडी करून बाकावर ठेवले.

"छान आहे," ती म्हणाली. "मग रविवारी माझ्या जागेवर तू बस, दादा."

"मी?"

"तूच. वेगाचा लिव्हर चालवता येतो तुला. मी धक्क्यावर उभी राहून टाळ्या वाजवते."

दादा हसला. त्याला साथ द्यायला कोणी हसले नाही. "अगं, माझी पाठ कशी आहे, तुला ठाऊक आहे ना?"

"काल बॅडमिंटन खेळलास."

"बॅडमिंटन वेगळं, हे वेगळं. हट्ट काय करतेस?" त्याचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "घरी मुलं आहेत गं माझी."

दुकानदाराने फोन खिशात ठेवला. धाकटीची मुलगी रोज त्याच मुलांबरोबर शाळेतून घरी येत असे.

दादाने बूच जागेवर बसवले, नको इतके आवळले आणि तो उठला. "तो नवाच द्या हो. आमच्या बाईसाहेबांना जड वस्तूंची आवड आहे."

"उत्तम निवड!" दुकानदार म्हणाला. नवरा मोठ्याने हसला, अगदी सुटल्यासारखा.

नवा ड्राइव्ह साखळीने उचलून गाडीत ठेवायचे काम सुरू झाले. धाकटी नवऱ्याजवळ गेली. "तू पाहिलं होतंस."

त्याने नाही म्हटले नाही. "दादांच्या तोंडावर कसं बोलायचं? बोट त्यांची."

"आणि आपण दोघं?"

"तू होतीस ना बोलायला," तो म्हणाला. म्हणताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, शाबासकी द्यावी तसा. ती बाजूला सरकली. तोच हात त्याने केसांतून फिरवला.

"चला, चला!" दादाने गाडीपाशी उभे राहून हाक दिली. त्याचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. "मनासारखा ड्राइव्ह मिळाला ना, धाकटे? आता तरी बसशील बोटीत?"

"बसेन," ती म्हणाली. "सुकाणूवर मात्र दुसरं कोणीतरी बघ."