निरोगी रक्त

ब्याण्णव साल. बंगळूरच्या त्या प्रयोगशाळेत चार वर्षं हाडाची काडं करून अनुसूयाने एक अँटीबॉडी तयार केली. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तातून हुडकायच्या, त्यांना चिकटायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या हिरव्यागार चमकवायच्या, एवढंच त्या अँटीबॉडीचं काम. असल्या अँटीबॉडीची परदेशी बाटली महिनोन्महिने कस्टममध्ये अडकून पडायची, म्हणून सगळ्यांचे डोळे या घरच्या मालाकडे लागले होते.

चाचणीला निरोगी माणसाचं रक्त लागतं, आणि तिथला रिवाज असा की ते प्रयोगशाळेचे प्रमुख हयवदन सर यांचंच घ्यायचं. सरांनी ऐटीत बाही वर सरकवली. पण काचेवर चारदोन हिरवे ठिपके सोडले तर सगळा काळोख.

"सर, स्वल्प माझं रक्त घेऊन बघू का?" अनुसूयाने भीतभीत विचारलं.

"मनासारखं उत्तर येईपर्यंत रक्त बदलत बसणार काय तू? आंधळी आहे तुझी अँटीबॉडी. टाकून दे."

तिने स्वतःच्या हाताने सगळ्या बाटल्या ब्लीचमध्ये ओतल्या.

वर्ष सरलं तसा सरांचा ताप हटेना, अंगावर मांस राहीना. अनुसूया इस्पितळात भेटायला गेली, तेव्हा परदेशी अँटीबॉडीने केलेल्या तपासणीचा कागद हातात धरून डॉक्टर सरांच्या बायकोला कानडीत समजावत होते.



"यांच्या लढणाऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात, अम्मा. वर्षभर आधी कुणीतरी यांचं रक्त तपासायला हवं होतं."