फक्त देशी चव

“स्टीमर उचल,” योगराज तिसऱ्यांदा म्हणाला. चंचल थापाने झाकणावरचा हात काढला नाही.

सुरतेतल्या लिंबायतच्या मैदानात मंडळाचा आनंदमेळा होता. कमानीवर हातभर अक्षरांत ‘फक्त देशी चव’, आणि मोमो पडले नेपाळचे. जागेची पावती फाडताना मंडळाच्या अध्यक्षाला, योगराजला, हे सुचलं नव्हतं. सुचवलं शेजारच्या स्टॉलवरच्या सुषमाने. गेल्या वर्षी तिच्या सुरती खावशापेक्षा मोमोंपुढची रांग लांब होती. तेव्हापासून तिचं देशप्रेम साठत आलं होतं.

चंचल खान्देशी चाळीत वाढलेली. तिला राग अहिराणीतच यायचा. “मना बाप मिलना फाटकवर म्हतारा व्हयना! मी आठलीच, बमरोलीनी. आनि हाई सुषमा? पारोळाथून लगीन करीसन उनी!”

“रिक्षा बलाव,” सुषमा हसत म्हणाली. “नेपाळनं भाडं मी देस.”

आजूबाजूचे स्टॉलवाले हसले. पहाटेपासून भरलेले मोमो चंचलने डब्यात कोंबले आणि एकेक भांडं आपटायला घेतलं.

तेवढ्यात पाहुणे आले. मिलचे शेठ, मांडव त्यांच्याच पैशाचा. योगराजने त्यांना थेट खावशापाशी नेलं. नूडल्सवर बेसन-नारळाची कढी, वर तळलेला लसूण. शेठने दोन घास घेतले आणि डोळे मिटले.

“वाह! असल सुरती छे. कोणे शीखव्युं, बेन?”

सुषमाला कौतुक पचत नाही. ते लगेच तोंडावाटे बाहेर पडतं. “रांदेरच्या रंगूनवाला बेननी, शेठ. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. त्यांच्या सासूबाई रंगूनहून परत आल्या त्या घरदार तिथंच टाकून, पण हे तेवढं घेऊन आल्या. बर्मात घरोघरी हेच खातात म्हणे. मी एक जिन्नस बदललेला नाही!”

पलीकडची आदळआपट थांबली.

“योगराजभाऊ,” चंचलने विचारलं, तेही मेळाभर ऐकू जाईल इतक्या प्रेमाने, “रंगून कोनता तालुकामा शे?”

आधी शेठ हसले. मग सगळेच. मघाशी सुषमाच्या बाजूने हसलेले तर पोट धरून. योगराजचे कान लाल झाले. सकाळी माइकवरून नियम त्यानेच वाचला होता. हातातला खावसा त्याने घाईघाईने संपवला, बोटं चाटली, रुमालाला पुसली.

“वहिनी, पातेलं उचला.”

“अहो, पण तुम्हीच तर आत्ता खाल्लं!”

“उचला म्हणतो ना! नियम म्हणजे नियम.”

सुषमाने योगराजचा उद्धार केला, मंडळाचा केला, कमानीचाही केला. पातेलं मात्र तिलाच उचलावं लागलं.

फाटकाबाहेर एकच रिक्षा होती. आत चंचल, मांडीवर स्टीमर, डोळे रागाने तांबारलेले. गरम पातेलं पदराने धरून सुषमा समोर उभी राहिली. कढी हिंदकळत होती. ‘येऊ का’ म्हणायला तिची जीभ उचलेना.

रिक्षा सुरू झाली. चंचलने रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारून ती थांबवली. बाजूचे डबे पायाशी ढकलले, अर्धी सीट मोकळी केली आणि दात आवळून म्हणाली,

“बठ. नेपाळनं भाडं तू देस ना? आते बर्मानं बी दे. लांब शे.”