पाच वर्षं, कोणालाही नाही

मण्यार डसून तासभर झाला होता आणि खाटेवरच्या गवाणकर सरांच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. या विषावरचा उतारा सात वर्षं खपून डॉ. वैजयंतीनंच शोधला होता. पण प्रबंध विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात जमा झाला त्याच दिवशी, नियमाप्रमाणे, तो तिच्या डोक्यातूनही काढून घेतला गेला होता.

"अहो, प्रबंध माझा आहे!" ती फोनवर ओरडली.

"मॅडम, अर्जात 'प्रबंध कोणाला वाचायला द्यायचा?' यापुढे 'पाच वर्षं कोणालाही नाही' यावर तुम्हीच खूण केलीय," ग्रंथपाल परुळेकर अजिजीनं म्हणाले. "कोणालाही म्हणजे तुम्हालासुद्धा. तुमच्या मार्गदर्शकांनी तोंडानं नुसतं 'हो' म्हटलं, तर या क्षणी उघडतो."

तिचे मार्गदर्शक म्हणजे गवाणकर सरच. तिनं खाटेवर वाकून फोन त्यांच्या ओठांशी धरला. "सर, माझा प्रबंध उघडायचाय. परवानगी द्या. हो म्हणा, सर!"

सर अर्धवट शुद्धीत होते. ओठ कसेबसे हलले, आणि अर्ज भरताना प्रत्येक विद्यार्थ्याला आजवर दिलेला सल्लाच त्यांतून बाहेर पडला.

"देऊ नकोस गं... कोणीतरी चोरेल."