सगळ्या नळ्या एकदम

रोवीनाने चौथी नळी ओढली आणि ती वाळल्या शेंगेसारखी हातातच मोडली. चाळीस वर्षांचं रबर ते. तुकडे मडगार्डवर टाकून तिने पाचवीला हात घातला.

पिकअप तिच्या बापाची. आज रोवीनाने ती मुद्दाम त्याच्या खिडकीसमोर, बॉनेट उघडं टाकून उभी केली होती. खिडकीआड तो, म्हातारा एल्वुड, खुर्चीत. खुब्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले, तरी खुर्ची सुटत नव्हती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईला त्याने दोनदा हाकललं होतं. सोमवारपर्यंत आपल्या पायांनी चालला नाही, तर वृद्धाश्रम, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले होते. आज शनिवार होता.

"काय चालवलंयस गं?" खिडकीतून आवाज आला.

"इंजिनाच्या व्हॅक्यूमच्या, हवा ओढायच्या नळ्या बदलतेय, डॅडी. गाडी धापा टाकते ना."

"मग एकेक बदल! एक काढायची, एक बसवायची. शेंबड्या पोरालाही कळतं हे."

"एकदम काढल्या की पटकन होतं."

बॉनेटच्या आत चिकटवलेला नळ्यांचा नकाशा कधीच सोलपटून गेला होता. कुठली नळी कुठे जाते, हे आता फक्त एल्वुडच्या डोक्यात होतं. रोवीनाने सहावी काढली. सातवीही. सगळ्यांचा ढीग केला.

"अगं, ब्रेकची कुठली, कार्ब्युरेटरची कुठली, कसं ओळखशील?"

"जिथे बसेल तिथे बसवीन. उरलेली भोकं च्युइंगमने बुजवीन."

खिडकी धाडकन बंद झाली. रोवीनाने मान वर केली नाही.

मग जाळीचा दरवाजा करकरला. वॉकर खडीवर टेकल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. ती नट नसलेल्या जागी पाना फिरवत राहिली.

"हो बाजूला," तो तिच्या कानाशी धापा टाकत म्हणाला. "कसायाच्या हातात गाडी दिली मी." वॉकर त्याने बाजूला लोटला आणि एका हाताने मडगार्ड धरलं. "ती जाड नळी दे. ही नव्हे. जाड म्हणजे जाड, पोरी!"

तो तासभर उभा होता. शिव्या घालत, नळ्या कापत, एकेक जागेवर बसवत. शेवटी रोवीनाने किल्ली फिरवली. गाडी खोकली, गुरगुरली आणि मग इंजिन एका लयीत संथ चालू लागलं.

"तुमच्याशिवाय जमलं नसतं, डॅडी."

"ते दिसलंच. हात पूस आता. कॉफी मी करतो, तुझी पिववत नाही."

वॉकर टेकत तो घराकडे निघाला. रोवीनाने खिशातला कागद काढून तेलकट हात पुसले. सातही नळ्यांच्या जागा पहाटेच उठून, आकडे घालून तिने त्यावर काढून ठेवल्या होत्या.